कानस आधी, ज्योत नंतर : टूरिंग सायकलची पोलादी फ्रेम घरी बनवताना

माझ्या पहिल्या फ्रेमवर सत्तरेक तास गेले. त्यात टॉर्च पेटलेला होता तो जेमतेम पाच-सहा तास. बाकी सगळा वेळ कानस, गुण्या, व्हर्निअर आणि एमरीची पट्टी यांच्या संगतीत. या कामाकडे येणारा प्रत्येक जण ज्योतीच्या ओढीने येतो, मीही तसाच आलो. म्हणून आधीच सांगून टाकतो: फ्रेम कानशीने बनते, ज्योत त्यावर शिक्कामोर्तब करते. नळ्या एकमेकींना नीट बसल्या असतील तर एकेक जोड काही मिनिटांत होतो. बसल्या नसतील तर कितीही तापवा, हाती फक्त जळका फ्लक्स (तापताना धातू साफ ठेवणारा लेप) लागतो.

खालची पद्धत लग वापरून ब्रेझिंग करण्याची आहे. ब्रेझिंग म्हणजे नळ्या न वितळवता, त्यांच्या फटीत चांदीची किंवा पितळेची तार वितळवून जोडणं. लग म्हणजे दोन नळ्या जिच्यात खोचल्या जातात ती पोलादी बाही. लगशिवाय, पितळेचा गोलसर थर देऊनही फ्रेम करता येते आणि त्यात कोनांचं स्वातंत्र्य जास्त मिळतं. पण पहिल्या खेपेला लग बरा. तो नळ्यांना जागेवर धरून ठेवतो, आणि चांदीच्या कमी तापमानावर काम भागतं.

आधी कागद

तुम्हाला सोयीची वाटते अशी एखादी सायकल असेलच. तिची तीन मापं घ्या: पॅडलच्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर, आणि सीट व हँडल यांच्या उंचीतला फरक. शरीराची मापं घेऊन गणितं मांडण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण त्या सायकलवर तुमच्या कंबरेने आधीच निकाल दिलेला असतो.

आता मोठ्या जाड कागदावर किंवा प्लायवूडवर पूर्ण मापाचं चित्र काढा. एकास एक. संगणकावर काढलंत तरी हे टाळू नका, कारण पुढे प्रत्येक नळी या चित्रावर ठेवून तपासायची आहे. कोन काढायला शाळेतला कोनमापक चालत नाही. अर्ध्या अंशाची चूकही पुढे मिलिमीटरांत वसूल होते. त्याऐवजी त्रिकोण काढा. ७२ अंशांसाठी १००० मिमी उभं गेल्यावर ३२५ मिमी आडवं जायचं, ७३ अंशांसाठी ३०६ मिमी. लांब पट्टी आणि टोकदार पेन्सिल, बस.

टूरिंगसाठी हेड ट्यूबचा (हँडलखालची आखूड नळी) कोन ७१ ते ७२ अंश आणि सीट ट्यूबचा (सीटखालची उभी नळी) ७२ ते ७३ हे सुरक्षित आकडे आहेत. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा एक्सल जिच्यात बसतो ती आडवी नळी, चाकांच्या एक्सलच्या रेषेपेक्षा ७० ते ७५ मिमी खाली. ३५ मिमी रुंद टायर लावलेल्या ७०० सी मापाच्या चाकाची त्रिज्या साधारण ३४६ मिमी भरते, म्हणजे ७५ मिमीच्या उतारावर बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून २७१ मिमी उंच राहतो. सामान लादलेल्या सायकलला हा बुटकेपणा मानवतो.

चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दोन नळ्या) मात्र लांब हवेत, ४४० ते ४६० मिमी. रेसिंग सायकलचे आखूड चेनस्टे बघून भुलू नका. मागच्या कॅरियरला बॅगा लटकवल्या की प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेवर आपटते, आणि हे कळतं ते घरापासून चाळीस किलोमीटरवर. तुमचा पाय मोठा असेल तर ४६० घ्या. पुढच्या बाजूलाही एक तपासणी आहे: पॅडल पुढे आडवं असताना बुटाचं टोक चाकाला किंवा मडगार्डला लागता कामा नये. हेही चित्रावरच बघून घ्या, बूट प्रत्यक्ष कागदावर ठेवून.

हँडल हलकं लागेल की जड, हे ‘ट्रेल’ या मापावर बरंच अवलंबून असतं: हेड ट्यूबची रेषा खाली वाढवली की जमिनीला जिथे लागते तिथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचं अंतर. चाकाच्या त्रिज्येला हेड कोनाच्या कोसाइनने गुणायचं, त्यातून चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) बाक, म्हणजे हेड ट्यूबच्या रेषेपासून एक्सल जितका पुढे असतो ते अंतर, वजा करायचा आणि उत्तराला त्याच कोनाच्या साइनने भागायचं. वरच्या चाकाला ७२ अंश आणि ५० मिमी बाक दिला तर ट्रेल येतो ६० मिमीच्या आसपास. नवख्याने यापासून फार दूर जाऊ नये.

चिमटा पहिल्या फ्रेमला तयारच घ्या. यावर मतभेद आहेत, पण माझं मत ठाम आहे. मागचा एखादा जोड सुटला तर सायकल कुरकुरते. चिमटा सुटला तर आपण तोंडावर पडतो. चिमटा चित्र काढायच्या आधी हातात असू द्या. त्याची एक्सलपासून मुकुटापर्यंतची (दोन्ही पाय वर जिथे जुळतात तिथपर्यंतची) उंची बदलली की सगळे कोन बदलतात.

नळ्या

पोलाद निवडायचं कारण सरळ आहे: ते हातातल्या टॉर्चने जोडता येतं, तुटण्याआधी बहुतेकदा वाकून किंवा भेगाळून इशारा देतं आणि पुन्हा दुरुस्त होतं. सायकलच्या चांगल्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. ०.८/०.५/०.८ असं लिहिलेलं दिसेल, ती मिलिमीटरमधली भिंतीची जाडी. जोडाजवळ उष्णता आणि ताण दोन्ही जास्त, म्हणून तिथे मांस ठेवायचं, मध्ये वजन वाचवायचं. आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. १९३५ साली आलेली रेनॉल्ड्स ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी त्यानंतर अनेक दशकं गाजली. आज सुरुवात करणाऱ्याला क्रोमोली, म्हणजे ४१३० जातीचं पोलाद, पुरेसं आहे.

माप: टॉप ट्यूब (वरची आडवी) २८.६ मिमी, डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणारी) ३१.८, सीट ट्यूब २८.६. सामान वाहायचंय म्हणून डाउन ट्यूब ०.९/०.६/०.९ घेतली तर पश्चात्ताप होणार नाही. अतिहलक्या नळ्यांची फ्रेम बॅगा लादल्यावर उतारावर थरथरू लागते, आणि नवखा हात पातळ भिंत सहज जाळतो. सीट ट्यूबच्या वरच्या टोकाची जाडी ०.६ असेल तर २७.२ मिमीचा सीटपोस्ट घ्यायचा. लग मागवताना या मापांशी आणि तुमच्या कोनांशी जुळणारे मागवा. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक ठोकून जिरवता येतो, त्यापलीकडे नाही.

नळीचा जाड भाग कुठे संपतो हे कापायच्या आधी शोधा. विक्रेत्याच्या तक्त्यात ती लांबी दिलेली असते, तरी मार्करने नळीवर लिहून ठेवा. दोन्ही टोकांचा जाड भाग सारखा लांब असेलच असं नाही. कापायचं ते लांब भागाच्या बाजूने. मी एकदा उलट्या बाजूने कापलं आणि जोड बरोबर पातळ भिंतीवर आला. ती नळी आता माझ्याकडे सरावाच्या तुकड्यांत आहे.

हत्यारं आणि जागा

भक्कम व्हाइस, नळी दाबली जाऊ नये म्हणून खाच पाडलेले लाकडी ठोकळे, बारीक दातांची हॅकसॉ, एक मोठी आणि एक लहान अर्धगोल कानस, व्हर्निअर, गुण्या, सरळ पट्टी. महागडा जिग (फ्रेम जागेवर धरणारा साचा) लागत नाही. एखादा खरोखर सपाट पृष्ठभाग (जाड काच, ग्रॅनाइटची लादी), दोन-चार व्ही ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेले ठोकळे) आणि सरळ अँगल यांच्यावर पहिली फ्रेम होते. अँगल जस्ताचा मुलामा दिलेला नसावा. तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो.

टॉर्च ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा किंवा ऑक्सिजन-प्रोपेनचा. प्रोपेनची ज्योत पसरट आणि मवाळ असते, लगच्या कामाला ती नवख्याला जास्त क्षमा करते. गॅसच्या दोन्ही रबरी नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारे) हवेतच. ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. ॲसिटिलीनचा दाब १ बारच्या वर नेऊ नका. प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने गळती बघा. सिलिंडर घरी ठेवण्याचे तुमच्याकडचे नियम आधी पाहून घ्या. दार-खिडकी उघडी, धूर बाहेर नेणारा पंखा, ब्रेझिंगचा चष्मा, सुती कपडे, हाताशी अग्निशामक. चांदीच्या कामाच्या फ्लक्समध्ये फ्लोराइड असतं, त्याचा धूर घशात जाऊ देऊ नका. चांदीची तार कॅडमियम नसलेलीच घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं बघूनच.

आधी दहा जोड वाया घालवा

फ्रेमच्या नळ्यांना हात लावण्याआधी स्वस्त साध्या नळीचे तुकडे घेऊन निदान दहा जोड करा, आणि प्रत्येक जोड हॅकसॉने उभा चिरा. बाहेरून चकचकीत दिसणारा जोड आतून अर्धा कोरडा निघतो, तेव्हा जे शिकायला मिळतं ते कुणी सांगून कळत नाही. माझे पहिले चार असेच निघाले. चांदी लगच्या काठावर झालर लावून बसली होती, आत थेंब नाही. तो दोष हाताचा नव्हता, साफसफाईचा होता. नळी बाहेरून आणि लग आतून एमरीने घासून पांढरा धातू दिसेपर्यंत साफ करायचा, ॲसिटोनने पुसायचा, मग बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसासुद्धा चांदीला अडवतो.

नळीचं तोंड कापणं

इथे घाई करू नका, दिवस जाऊ द्या.

एका नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईला चिकटून बसेल अशी अर्धचंद्राकृती खोबण त्या टोकाला कोरायची. यालाच माइटर म्हणतात. लग असला तरी माइटर चोख हवा, कारण बाहीच्या आत नळी नळीवर टेकली नाही तर सगळा भार एकट्या लगवर जातो.

आधी नळी अँगलच्या खोबणीत ठेवून, अँगलची कड पट्टीसारखी वापरून तिच्या अंगावर लांबलचक सरळ रेघ ओढा. ही मध्यरेषा. नळीच्या दोन्ही टोकांचे माइटर याच रेषेवरून मोजायचे, म्हणजे ते एकमेकांच्या तुलनेत पिळलेले राहत नाहीत. कोन आणि व्यास दिला की माइटरचा कागदी साचा काढून देणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. साचा छापल्यावर पट्टी लावून माप तपासा. प्रिंटर गुपचूप आकार बदलतो. साचा मध्यरेषेवर जुळवून चिकटवा, रेषेच्या बाहेर दोन मिमी सोडून हॅकसॉने कापा, मग कानस.

कानस पुढे जाताना दाबायची, परत येताना उचलायची. दर दहा-बारा हातांनंतर थांबून, ज्या नळीला हे तोंड बसणार तिचाच तुकडा त्यात टेकवून उजेडासमोर धरा. पहिल्यांदा दोन्ही कानांजवळ उजेडाची जाड रेघ दिसते आणि मध्येच कुठेतरी नळी टेकलेली असते. जिथे टेकली तिथेच घासायचं. पुन्हा धरा. रेघ बारीक होते, एका बाजूने नाहीशी होते, दुसऱ्या बाजूला केसाएवढी उरते. शेवटच्या टप्प्यात कानस बाजूला ठेवा, त्या तुकड्यावर एमरीची पट्टी गुंडाळा आणि तोच तोंडात मागे-पुढे फिरवा. गोलाई आपोआप नेमकी येते. उजेड पूर्ण बंद झाला की थांबा. मग नळी पूर्ण मापाच्या चित्रावर ठेवा: कोन, लांबी, मध्यरेषा. लांबी कमी भरली तर ती नळी त्या जागेपुरती गेली, म्हणून शेवटचा मिलिमीटर नेहमी दोन्ही टोकं तपासूनच काढावा.

चांदीसाठी लग आणि नळी यांच्यातली फट ०.०५ ते ०.१५ मिमी हवी. नळी हाताने दाबून आत जावी, ठोकावी लागू नये, आणि लुडबुडूही नये. घट्ट असेल तर लग आतून घासा, नळी नव्हे.

एक लहानशी गोष्ट जिने माझं एक आख्खं संध्याकाळचं काम बुडवलं: हवेची भोकं. प्रत्येक बंद नळीतली हवा तापली की बाहेर पडायला वाट मागते. वाट नसेल तर ती वितळलेल्या चांदीतून बुडबुडा काढत निघते आणि जोडात छिद्र पडतं. आत पाणी किंवा सॉल्व्हंट अडकलं असेल तर प्रकरण फुटण्यापर्यंत जातं. म्हणून लगच्या आत लपणाऱ्या जागी, हेड ट्यूब आणि सीट ट्यूबच्या भिंतीत मोठी भोकं पाडा, आणि चेनस्टे व सीटस्टे (सीटखालून मागच्या एक्सलकडे उतरणाऱ्या दोन नळ्या) यांना आतल्या बाजूने तीनेक मिमीचं एकेक भोक. माझा सीटस्टे बिनभोकाचा होता. चांदी पुन्हा पुन्हा थुंकत राहिला.

बाटलीच्या बॉसची, म्हणजे बाटलीचा पिंजरा कसायच्या आटेवाल्या बुशांची, भोकं (दोघांत ६४ मिमी अंतर, आटे एम ५) नळ्या सुट्या असतानाच पाडून बॉस लावून टाका. जागा छोटी, धोका कमी, हात बसतो.

ज्योत

सगळं कोरडं जुळवा, चित्राशी ताडून पाहा, जोडांवर खुणा करा, मग सोडवून साफ करा, फ्लक्स लावा आणि पुन्हा जुळवा. नळी सरकू नये म्हणून लगमधून बारीक भोक पाडून खिळ्याच्या तुकड्याची पिन मारता येते.

क्रम असा: सीट ट्यूब बॉटम ब्रॅकेटमध्ये. ती ९० अंशांत आहे का ते सपाट पृष्ठभागावर तपासा. मग हेड ट्यूब आणि डाउन ट्यूब, मग डाउन ट्यूब बॉटम ब्रॅकेटमध्ये, मग टॉप ट्यूब. पुढचा त्रिकोण सरळ ठरल्यावरच चेनस्टे आणि शेवटी सीटस्टे. ड्रॉपआउट (मागचा एक्सल जिच्यात बसतो ती खाचेची पट्टी) मात्र चेनस्टेच्या टोकात आधीच बसवून घ्या; तिथली फट मोठी असते, म्हणून तिथे पितळ. बॉटम ब्रॅकेट ६८ मिमी रुंद, इंग्लिश आट्यांचा असेल तर उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. ती चेनची बाजू आहे हे ब्रेझिंगआधी तीनदा पाहा. उलटा बसलेला ब्रॅकेट मी पाहिला आहे, आणि बनवणाऱ्याचा चेहराही.

आता प्रत्यक्ष जोड. भर उन्हात काम करू नका, रंग दिसत नाही. ज्योत मऊ, किंचित जास्त गॅसची. आतला निळा शंकू धातूला लागू द्यायचा नाही. जाड भागाकडून सुरुवात करा: लग आणि बॉटम ब्रॅकेट तापायला वेळ घेतात, पातळ नळी बघता बघता तापते. ज्योत सतत हलती. फ्लक्स आधी बुडबुडतो, मग पांढरा पडतो, आणि ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास अचानक पाण्यासारखा पातळ, पारदर्शक होतो. हाच इशारा. ५६ टक्के चांदीची तार ६१८ अंशांना वितळू लागते आणि ६५२ ला पूर्ण वाहती होते, म्हणजे फ्लक्स स्वच्छ झाल्यावर थोडंच पुढे जायचं. नळी मंद लाल दिसते.

तार ज्योतीत धरू नका, लगच्या काठाला टेकवा. धातू पुरेसा तापला असेल तर तार स्वतःच आत ओढली जाते. एखादा चकचकीत ओघळ काठावरून नाहीसा होताना दिसतो, तो क्षण दहा जोडांनंतरही तसाच सुखावतो. चांदी उष्णतेच्या मागे धावते, म्हणून तार एका काठाला द्या आणि ज्योत हळूहळू दुसऱ्या काठाकडे न्या. पलीकडे चांदीची रेघ उमटली की आत भरली. गोळे झाले तर थांबा: फ्लक्स जळून काळा पडला असणार. त्यावर आणखी तापवून काही होत नाही. थंड करा, धुवा, साफ करा, नव्याने फ्लक्स लावा.

पितळ ९०० अंशांच्या जवळपास वाहतं, नळी नारिंगी होते. त्यामुळे ते लागेल तिथेच आणि लवकर संपवायचं.

जोड झाल्यावर पाण्यात बुडवू नका, फुंकही मारू नका. आपोआप निवू द्या. काम संपल्यावर तासभर त्या जागेजवळ राहा. लाकडात शिरलेली ठिणगी उशिरा बोलते.

मागचा भाग आणि सरळपणा

ड्रॉपआउटमध्ये एम १० चा आटे असलेला गज घालून नट आतल्या बाजूने १३५ मिमीवर बसवा. हा झाला नकली एक्सल. चेनस्टे जोडण्याआधी खरं चाक, खरं टायर आणि मडगार्ड लावून बघा. टायर आणि चेनस्टे यांच्यात दोन्हीकडे बोट फिरावं. मी मडगार्डविना पाहिलं होतं, नंतर दोन चेनस्टेंमधली आडवी दांडी कापून पुन्हा लावावी लागली.

प्रत्येक जोडानंतर फ्रेम गरम पाण्यात भिजवून फ्लक्स काढा. चांदीचा फ्लक्स सहज विरघळतो, पितळेचा काचेसारखा चिकटतो, त्याला रात्रभर द्या. फ्लक्सखाली छिद्र झाकलेलं असू शकतं, म्हणून तो पूर्ण निघाल्याशिवाय जोड पास करू नका.

सरळपणा तपासायला दोरा पुरतो. एका ड्रॉपआउटपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर व्हर्निअरने मोजा. फरक १ मिमीच्या आत असला तर सोडून द्या. जास्त असेल तर मागचा भाग थंड अवस्थेतच हळूहळू वाकवता येतो, थोडं वाकवा, मोजा, पुन्हा थोडं. मग चाक बसवा, मध्ये येतं का पाहा, ते उलटं फिरवून पुन्हा बसवा. दोन्ही वेळा एकाच बाजूला झुकलं तर फ्रेम वाकडी. बाजू बदलली तर चाक.

उरलेलं

कॅरियर आणि मडगार्डचे एम ५ चे डोळे, कँटिलिव्हर ब्रेक असतील तर त्यांचे खुंट (दोघांत ८० मिमी), डाउन ट्यूबखाली तिसरी बाटली. लग घासून सुंदर करायचा मोह आवरा. कानस सरकून नळीला चरा पडला तर अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीत तो कायमचा कमकुवतपणा. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांतून टॅप फिरवणं, हेड ट्यूबची तोंडं समतल करणं आणि सीट ट्यूब रीम करणं (आतून नेमक्या मापाला खरवडणं) ही कामं महाग हत्यारांची आहेत, ती एखाद्या सायकल मेकॅनिककडून करून घ्या.

रंगाआधी सायकल तशीच जोडून चालवा. पहिले काही किलोमीटर रिकामी, जवळपास, मग बॅगा भरून. हात सोडून नव्हे, हात सैल ठेवून: ती एका बाजूला ओढते का, उतारावर थरथरते का. परत आल्यावर प्रत्येक जोड भिंगाने पाहा, विशेषतः हेड ट्यूबच्या खालचा आणि ड्रॉपआउटचे. काही नसेल तर फ्रेम उघडी करून, पुसून रंगाला द्या. रंग झाल्यावर नळ्यांच्या आत हवेच्या भोकांतून जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि बॉटम ब्रॅकेटखालच्या भोकातून निथळू द्या. तेलाचे बोळे मात्र चुरगळून टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा. ते आपोआप पेट घेतात.